नागपुरात विकलं जाणारं ‘केअर व्हिसा पॅकेज’ : आत काय निघतं, काय निघत नाही

सीताबर्डी, धरमपेठ, सदर किंवा मेडिकल चौक, कुठल्याही कन्सल्टन्सीत गेलात तरी केअरगिव्हरसाठीचं, म्हणजे परदेशात वृद्ध-आजाऱ्यांची सेवा करायला जाणाऱ्यासाठीचं, पॅकेज साधारण सारखंच असतं. रजिस्ट्रेशन फी, ‘प्रोफाइल तयार करणं’, ऑफर लेटर, व्हिसा फाईल आणि तिकीट. संत्र्याच्या टोपलीसारखा प्रकार आहे, वरचा थर रसरशीत दिसतो. ‘भाषेची परीक्षा नको, कुटुंब सोबत न्या, ४५ दिवसांत व्हिसा’ हा तो वरचा थर. खालचा थर देशादेशाप्रमाणे बदलतो, म्हणून हे परीक्षण कुण्या एका दुकानाचं नाही. जीडीए (रुग्णसेवा सहायकाचा छोटा कोर्स), एएनएम, जीएनएम (नर्सिंगचे कोर्स) किंवा बारावी झालेल्या उमेदवाराला या पॅकेजमधून खरोखर काय मिळतं, ते देशवार पाहिलं आहे.

आधी ब्रिटन, कारण सगळ्यात जास्त फाईली अजून त्याच नावावर उघडल्या जातात. तिथला माल संपला आहे, पाटी तेवढी उतरलेली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये केअर वर्करसाठी दार उघडलं. ११ मार्च २०२४ पासून जोडीदार आणि मुलांना सोबत नेणं बंद झालं. ९ एप्रिल २०२५ पासून किमान पगार ताशी १२.८२ पौंड, म्हणजे आठवड्याला साडेसदतीस तास धरून वर्षाला २५,००० पौंड झाला. आणि २२ जुलै २०२५ ला परदेशातून केअर वर्कर व सीनियर केअर वर्कर घेणंच थांबलं. जे आधीपासून तिथे कायदेशीर कामावर आहेत, त्यांना २२ जुलै २०२८ पर्यंत आतल्या आत बदल करता येतो. नागपुरातून नव्याने जाणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. तरीही ‘सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप’च्या नावाने लाखांत पैसे मागितले जातात. हे सर्टिफिकेट म्हणजे नियोक्त्याने गृहखात्याच्या प्रणालीत काढलेला एक नंबर. त्याची फी नियोक्त्याने भरायची असते आणि ती कामगाराकडून वसूल करायला मनाई आहे.

पैसे देऊन जे गेले त्यांचंही सगळं सुरळीत झालं असं नाही. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात ब्रिटनने केअर क्षेत्रातले ४७० हून जास्त स्पॉन्सर परवाने रद्द केले. परवाना रद्द झाला की कामगाराला बहुधा ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नवा स्पॉन्सर शोधायचा, नाहीतर परत यायचं. त्यामुळे ब्रिटन केअरर पॅकेजला पाचपैकी शून्य. नोंदणीकृत नर्सची गोष्ट वेगळी. जीएनएम किंवा बीएससी नर्सिंग झालेल्यांसाठी एनएमसीचा, म्हणजे तिथल्या नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचा, रस्ता चालू आहे. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत वाचन, ऐकणं, बोलणं यांत ७ आणि लेखनात ६.५ किंवा ओईटी या दुसऱ्या इंग्रजी परीक्षेत तीन भागांत बी आणि लेखनात सी प्लस, मग संगणकावरची सीबीटी परीक्षा, मग तिकडे गेल्यावर ओस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा. कन्सल्टन्सीशिवाय हे सगळं स्वतः भरता येतं. बहुतेकांचं घोडं अडतं ते लेखनाच्या साडेसहावर, आणि त्यावर कुठल्याच पॅकेजमध्ये औषध नाही.

कॅनडाचं थोडक्यात. होम केअर वर्करसाठीच्या दोन पायलट योजना ३१ मार्च २०२५ ला उघडल्या, प्रत्येकी २,७५० अर्जांची मर्यादा होती, ती लगेच भरली. मार्च २०२६ मध्ये त्या उघडणार नाहीत असंही तिथल्या सरकारने सांगून टाकलं. घरात राहून केअर देण्याच्या नोकरीसाठी देशाबाहेरच्या माणसाची एलएमआयए (परदेशी कामगार घेण्यासाठी नियोक्त्याला लागणारी सरकारी मंजुरी) जून २०१९ पासून, क्यूबेक वगळता, घेतलीच जात नाही. तेव्हा ‘कॅनडा नॅनी एलएमआयए तयार आहे’ असं कोणी म्हटलं की खुर्ची मागे सरकवून उठायला हरकत नाही.

आयर्लंड आणि ऑस्ट्रेलिया खरे आहेत, पण तिथे चावी नियोक्त्याच्या हातात असते. आयर्लंडने जून २०२१ पासून हेल्थकेअर असिस्टंटला जनरल एम्प्लॉयमेंट परमिट दिलं, जानेवारी २०२४ मध्ये किमान पगार ३०,००० युरो केला, आणि पोचल्यावर दोन वर्षांत क्यूक्यूआय लेव्हल ५ (तिथल्या शिक्षणाची एक पातळी) ची पात्रता मिळवणं सक्तीचं ठेवलं. ऑस्ट्रेलियाचा एज्ड केअर लेबर ॲग्रीमेंट मे २०२३ पासून आहे. नियोक्त्याने आधी कामगार संघटनेशी करार केलेला असावा लागतो, उमेदवाराकडे सर्टिफिकेट थ्री (तिथलं व्यावसायिक प्रमाणपत्र) किंवा तेवढ्या कामाचा १२ महिन्यांचा अनुभव हवा. असा करार असलेल्या वृद्धाश्रमाचं नाव कन्सल्टन्सीला सांगता येत नसेल, तर तिच्याकडे विकायला काहीच नाही.

आता जपान. जीडीए, एएनएम किंवा नुसती बारावी झालेल्या, पंचविशीच्या आतल्या मुलामुलींसाठी सध्या याच्याइतका सरळ मार्ग दुसरा नाही. नाव टोकुतेई गिनो, म्हणजे विशिष्ट कौशल्य कामगार. एप्रिल २०१९ पासूनची ही व्यवस्था, आणि भारताशी करार जानेवारी २०२१ चा. वृद्धसेवेला तिथे काइगो म्हणतात. परीक्षा तीन. पहिली जपानी भाषेची : जेएफटी बेसिकमध्ये २५० पैकी २०० किंवा जेएलपीटी या दुसऱ्या भाषा-परीक्षेची एन४ पातळी. दुसरी काइगो कौशल्याची, ६० मिनिटांत ४५ प्रश्न. तिसरी काइगोच्या जपानीची, ३० मिनिटांत १५ प्रश्न. जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, महाराष्ट्रात मुंबई किंवा पुण्याला जावं लागतं आणि निकालाला दोनेक महिने लागतात. जेएफटी संगणकावर होते, पास की नापास ते उठायच्या आत पडद्यावर दिसतं. घाई असेल तर जेएफटी द्या. पुढे तिकडेच राहायचं असेल तर एन४ वर न थांबता वरच्या एन३ कडे जा, कारण वॉर्डातल्या नोंदी जपानीत लिहायच्या असतात.

कौशल्याच्या परीक्षेत आपल्याकडच्या नर्सिंगच्या मुली हमखास एका जागी चुकतात. त्यांना बीपी, इंजेक्शन, सलाईन येतं, आणि काइगोत यातलं काहीच विचारत नाहीत. विचारतात ते असं : डाव्या अंगाला लकवा असलेल्या आजोबांना सदरा घालताना आधी कुठला हात? उत्तर, घालताना आधी लुळा हात, काढताना आधी धडका हात. व्हीलचेअर कुठल्या बाजूला लावायची? धडक्या बाजूला, पलंगाशी थोडी तिरपी, ब्रेक लावून, पायपट्ट्या वर करून. पाणी पिताना ठसका लागणाऱ्या माणसाला काय द्यायचं? दाट केलेला द्रव, आणि हनुवटी किंचित खाली ठेवून. ओमुत्सु म्हणजे डायपर, कुरुमाइसु म्हणजे व्हीलचेअर, शोकुजि काइजो म्हणजे जेवण भरवणं. असे दोनेकशे शब्द पक्के झाले की तिसरी परीक्षा सोपी जाते. नागपुरातला जपानी वर्ग निवडताना एवढंच विचारा : नुसतं व्याकरण शिकवता की हे काइगोचे शब्दही? रोज तीन तास दिले तर शून्यापासून एन४ च्या पातळीला सहा ते आठ महिने लागतात. तीन महिन्यांत करून देतो म्हणणारा पाठांतर करून घेतो, आणि तो उमेदवार पुढे नियोक्त्याच्या ऑनलाइन मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला गप्प होतो.

मुलाखतीत निवड झाली की नियोक्ता जपानच्या इमिग्रेशनकडून पात्रता प्रमाणपत्र मागवतो. ते आल्यापासून तीन महिन्यांच्या आत जपानमध्ये उतरायचं असतं, म्हणून पारपत्राची मुदत आणि राजीनाम्याची नोटीस आधीच बघून ठेवा. पगार एकूण १,८०,००० ते २,२०,००० येनच्या आसपास, रात्रपाळीचा भत्ता वेगळा. कायद्याने तो त्याच कामाच्या जपानी माणसाएवढा असावा लागतो. हातात येताना आरोग्य विमा, पेन्शन आणि खोलीचं भाडं कापलं जातं. दुसऱ्या वर्षीच्या जूनपासून रहिवासी कर सुरू होतो, आणि ‘माझा पगार कमी केला’ म्हणून घरी फोन येतात ते याच महिन्यात. पगार कमी झालेला नसतो, आदल्या वर्षीच्या कमाईवरचा कर कापायला सुरुवात झालेली असते. या व्हिसावर मुक्काम एकूण पाच वर्षं, कुटुंब नेता येत नाही. तीन वर्षांचा अनुभव आणि ४५० तासांचं प्रशिक्षण घेऊन काइगो फुकुशिशीची राष्ट्रीय परीक्षा पास झालं, तर ‘काइगो’ हा निवासाचा दर्जा मिळतो. तो वारंवार वाढवता येतो आणि मग जोडीदार, मुलं येऊ शकतात. पॅकेजवाले ‘पाच वर्षांनी पीआर’ (कायम वास्तव्य) म्हणतात ते या परीक्षेचं नाव गाळून. आणखी एक : जुनी टेक्निकल इंटर्न योजना बदलून एप्रिल २०२७ पासून नवी येते आहे, तेव्हा ‘इंटर्न’ म्हणून पाठवतोय की ‘टोकुतेई गिनो’ म्हणून, हे करारावर वाचून घ्या. इंटर्नला नियोक्ता बदलणं फार अवघड, टोकुतेई गिनोला त्याच क्षेत्रात बदलता येतो. जपानला पाचपैकी चार. एक गुण कापला तो एकटं राहण्यासाठी आणि शाकाहारी जेवणाच्या हालांसाठी.

जर्मनीला लांब पल्ल्याच्या हिशेबाने पाचपैकी साडेचार, पण वाट चढाची. दोन रस्ते एकमेकांत मिसळू देऊ नका. बारावीवाल्यांसाठी आउसबिल्डुंग, म्हणजे पगारी व्यवसाय-प्रशिक्षण : तीन वर्षं, २,१०० तास वर्ग आणि २,५०० तास वॉर्ड, शिकता शिकता पगार. सरकारी करारातल्या रुग्णालयांत पहिल्या वर्षी तो महिना १,४०० ते १,५०० युरोच्या घरात असतो, कपातीआधी. जीएनएम आणि बीएससीवाल्यांसाठी मान्यता : तिथलं राज्य आपल्या पदवीची तपासणी करून कमतरतेचं पत्र देतं, मग ज्ञानपरीक्षा किंवा पूरक प्रशिक्षण, तोवर सहायक म्हणून काम. जीएनएम झालेल्या मुलीला कोणी परत आउसबिल्डुंगला बसवत असेल तर तिची तीन वर्षं फुकट जातात. ते का केलं जातं? आउसबिल्डुंगची फाईल बनवायला सोपी आणि मान्यतेची किचकट, एवढंच.

‘सहायक म्हणून थेट जा’ हा तिसरा रस्ता जीडीएच्या सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रावर चालत नाही. सहायकाच्या शिक्षणालाही तिकडची मान्यता लागते. १ जुलै २०२५ पासून केअरमधलं किमान वेतन असं ठरलं : साध्या सहायकाला ताशी १६.१० युरो, शिकलेल्या सहायकाला १७.३५, पूर्ण नर्सला २०.५०. आठवड्याला ३९ तास धरले तर साध्या सहायकाचे महिन्याला २,७०० च्या वर होतात, एकट्या माणसाचे त्यातले साधारण तीस टक्के कर आणि विम्यात जातात. पॅकेजच्या पत्रकावर छापलेला आकडा नेहमी कपातीआधीचा असतो. भाषेचं म्हणाल तर आउसबिल्डुंगला जर्मनची किमान बी१ पातळी, आणि बरीच रुग्णालयं बी२ मागतात. गोएथे या जर्मन भाषा संस्थेच्या बी१ आणि बी२ परीक्षेत चार स्वतंत्र भाग असतात, प्रत्येकात १०० पैकी ६० हवेत, आणि पडलेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो. पूर्ण परीक्षेची फी पुन्हा भरायला लावणारा वर्ग ही गोष्ट लपवतो.

कागदांतला एक खर्च तर वाचवाच. जर्मनीने भारताच्या अपोस्टीलवर (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून मारला जाणारा शिक्का) आक्षेप घेतलेला आहे, त्यामुळे तो शिक्का भारत आणि जर्मनीमध्ये लागू होत नाही. तरी पॅकेजमध्ये ‘अपोस्टील सर्व कागदपत्रं’ अशी हजारोंची ओळ असते. ज्या जर्मन कार्यालयाला कागद द्यायचे आहेत, त्याने लेखी मागितलं असेल तरच विचार करा. त्याउलट नियोक्त्याने ४११ युरो भरून जलद प्रक्रिया केली, तर वकिलातीची तारीख खूप लवकर मिळते, आणि त्याबद्दल कन्सल्टन्सी तोंडातून शब्द काढत नाही. मधल्या एजन्सीकडे ‘फेअर आनवेर्बुंग फ्लेगे डॉइचलँड’ हा सरकारी शिक्का आहे का विचारा. तो असेल तर भरतीचा खर्च नियोक्त्याने सोसायचा असतो. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, त्याच्या नावावर ‘सरकारी कोट्यातली सीट’ कोणी विकत असेल तर ती सीट अस्तित्वात नाही. तो करार विकत घ्यायची वस्तू नव्हे.

इस्रायल हा पैसा साठवण्याचा मार्ग आहे, स्थायिक होण्याचा नाही. २०२३ मध्ये दोन्ही सरकारांत ४२,००० कामगारांचं ठरलं, त्यांतले ८,००० केअरसाठी. भरती एनएसडीसी या राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळामार्फत निघते. वय २५ ते ४५, किमान दहावी पास, आणि प्रत्यक्ष कामासह ९९० तासांचं केअरगिव्हर प्रशिक्षण किंवा नर्सिंग, एएनएमसारखी पात्रता. त्या ९९० तासांतच नागपूरचे बहुतेक जीडीए कोर्स तोकडे पडतात. कोर्सला प्रवेश घेतानाच प्रमाणपत्रावर तास लिहून मिळतात का ते पाहा, नंतर लिहून आणलेलं पत्र पकडलं जातं. एप्रिल २०२५ मध्ये किमान वेतन महिना ६,२४७ शेकेलच्या वर गेलं. काम म्हातारीच्या किंवा आजोबांच्या घरातच राहून, चोवीस तास त्यांच्या हाकेच्या अंतरावर. साधारण पाच वर्षं तीन महिने ही कमाल मुदत, आणि नवरा-बायको दोघांनी तिथे जाणं चालत नाही. युद्धाचं सावट असतं हे वेगळं सांगायला नको, घरात बंकरची खोली आहे का हा तिथे मुलाखतीतच विचारायचा प्रश्न आहे. पाचपैकी तीन.

आखातासाठी दहावी नापास उमेदवारांच्या पारपत्रावर ईसीआर, म्हणजे जाण्याआधी सरकारी मंजुरी हवी असा शेरा, असतो. त्यांना परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवरची मंजुरी लागते, आणि घरकामासाठी जाणाऱ्या अशा बाईचं वय किमान ३० हवं. व्हिजिट व्हिसावर जाऊन तिकडे ‘कन्व्हर्ट’ करून देतो, हे ऐकलं की समजा विमानतळावरच परत पाठवणी आहे, किंवा त्याहून वाईट म्हणजे तिकडे बिनकागदाचं राहणं.

आता खुद्द दुकानाची पारख. देश कोणताही असो, परदेशी नोकरीसाठी माणसं भरायची तर १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाचा नोंदणी दाखला लागतो. ‘आम्ही फक्त व्हिसा कन्सल्टंट आहोत’ म्हणणाऱ्याने फॉर्म भरावा, नोकरीचं आश्वासन देऊ नये. दाखल्याचा नंबर ई-मायग्रेटवर टाकून तो चालू आहे की संपला, ते दोन मिनिटांत दिसतं. नंबर दिल्लीच्या किंवा मुंबईच्या कंपनीचा आणि दुकान नागपूरचं असेल, तर त्या कंपनीला फोन करून ही शाखा तुमचीच का, हे विचारा. सब-एजंटला कायद्यात जागा नाही. दाखलाधारकाने उमेदवाराकडून घ्यायची सेवा फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४००. बँकेतून, पावतीसह. ‘अर्धे रोख, अर्धे फाईल लागल्यावर’ हा जो नागपुरी तोडगा आहे ना भाऊ, त्याच्या रोख अर्ध्याचा पुरावा पोलिस ठाण्यात कुणालाच दाखवता येत नाही.

फाईल अडते ती बहुतेकदा पैशाने नाही, नावाने. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पारपत्रावर आडनाव वेगळ्या रकान्यात. लग्न झालेल्या मुलीचं आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीत माहेरचं. चार कागदांवर चार नावं झाली की परदेशातला कारकून त्यांना चार बाया समजतो. उपाय स्वस्त आहे, वेळ मात्र खातो : ज्या नावाने शिक्षण झालं त्याच नावाने पारपत्र काढा, किंवा नाव बदललंच असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून मग बाकी कागद बदला. प्रतिज्ञापत्रावर भागवून नेणारे नंतर पस्तावतात.

दुसरी अडचण अनुभवाच्या दाखल्याची. खासगी नर्सिंग होमचं पत्र ‘त्यांनी येथे काम केले, वर्तणूक चांगली’ एवढ्यावर संपतं. हवं असतं ते रुजू आणि सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, वॉर्ड, कामाची यादी, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा. पगार रोखीने घेतला असेल तर त्या महिन्यांचा बँकेत काहीच माग राहत नाही, म्हणून निदान शेवटचं वर्षभर पगार खात्यात घ्या. बीएससीची ट्रान्सक्रिप्ट नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडून मागवायची असते, जीएनएम आणि एएनएमचे निकाल मुंबईच्या नर्सिंग मंडळाकडून. कॉलेजचा शिपाई आणून देतो म्हणाला तरी अर्ज स्वतः करा. पोलिस दाखला पारपत्राच्याच पोर्टलवर ५०० रुपयांत निघतो. पॅकेजमधली त्याची वेगळी फी म्हणजे निव्वळ हमाली. तो फार आधी काढू नका, जुना झाला की पुन्हा मागतात.

निघताना करार स्वतःला समजणाऱ्या भाषेत हातात असावा, आणि त्याच्या प्रती दोन : एक घरी, एक मोबाईलमध्ये. सोडून गेल्यास किती भरावं लागेल ते कलम शोधून वाचा. भाषेच्या वर्गाचे पैसे परत मागणारं बंधन बऱ्याच करारांत शेवटून दुसऱ्या पानावर असतं. ईसीआरवाल्यांनी प्रवासी भारतीय विमा योजना काढलेली असते : दोन वर्षांचे २७५ रुपये, तीन वर्षांचे ३७५, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला दहा लाखांचं संरक्षण. पॉलिसीचा कागद एजंटकडे ठेवू नका, वारसदाराकडे ठेवा. निघायच्या आधी शंका असेल किंवा तिकडे पगार थांबला तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८००-११-३०९० भारतातून घरच्यांनी लावायचा, आणि तक्रार परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्यायचा.